पाच ओळींचा पडदा

९ जून, सोमवार

नवी वही, नवं पेन. पेन म्हणजे जाड काळं मार्कर, कुरिअरवाले खोक्यांवर पत्ते लिहितात ते. पानावर सात ओळी बसतात. दिवसाला दोन पानांच्या वर लिहायचं नाही असं ठरवलंय. पाळीन असं नाही.

डाव्या डोळ्यानं दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला. उजव्याच्या मधोमध डाग आहे. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. आज डॉक्टर म्हणाले, 'खोब्रागडेजी, अभी तो ठीक है.' त्यातल्या 'अभी'वर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. अडतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणं लिहिली आहेत, असा जोर मला लगेच कळतो.

आज पुस्तकाची पुन्हा सुरुवात केली. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत चंद्रपूर-भंडाऱ्याकडून आलेली आमची माणसं, त्यांचं पुस्तक. टायपिस्ट, दफ्तरी, लिपिक, थोडे अधिकारी. बहुतेकांच्या घराण्यातली पहिली नोकरी. एकशे बारा नावं आहेत आणि त्यांतली नऊच माणसं उरली आहेत. नागपूरचे प्रकाशक दिनकर वासे म्हणतात, दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्टॉल लागतात, त्याआधी छापून हवं. ३१ ऑगस्टपर्यंत मजकूर पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मला काय दिसत असेल हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

१२ जून

फजिती. रमाबाईनं (आमची सौभाग्यवती, पण नावानंच बोलवलेलं आवडतं) मी काल टाइप केलेला भाग मोठ्यानं वाचून दाखवला. दामू रंगारीच्या लग्नाचं वर्णन चाललंय, बुंदी वाटतायत, आणि एकदम आठ माणसांनी त्याला खांदा दिला! शांताराम मेश्रामची अंत्ययात्रा मी दामूच्या लग्नात घुसवली होती. रमाबाई हसता हसता खाटेवर बसली. मी हसलो नाही.

दोष माझा नाही. अक्षर एवढं मोठं करावं लागतं की पडद्यावर पाचच ओळी मावतात. मी टिपणाच्या कागदाकडे वळून परत बघतो, तोवर पडद्यानं कुठंतरी उडी मारलेली असते. नव्या पाच ओळीही जुन्यांसारख्याच दिसतात. मी कुठं आहे हे मलाच ठाऊक नसतं.

१४ जून, शनिवार

समता म्हणाली, 'बाबा, मी बनवून देते तुम्हाला. लिहायचं सॉफ्टवेअर. बिल्कुल सिंपल.' मी म्हणालो, बोलून लिहून घेणारी यंत्रं आहेत म्हणतात. तर म्हणते, 'तुम्ही बोलून लिहिणार? तुम्ही वाक्य चार वेळा खोडल्याशिवाय सोडता का?' पोरीला बापाची पारख आहे.

तिला वेळ आहे सध्या. नोएडाच्या कंपनीनं घरून काम दिलंय. एप्रिलपासून मेट्रोची धावपळ नाही. आमच्या काळी असं कुणी मागितलं असतं तर मेमो मिळाला असता. खालच्या मजल्यावरच्या सुजयला मुद्दाम सांगितलं की अशी कंपनी हवी. तो 'अच्छा, अच्छा' करत राहिला.

२१ जून

समतानं पहिला नमुना दिला. काळा पडदा, पिवळी अक्षरं. आधी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. मजकूर वेगळा आणि पडदा वेगळा. मजकूर आत पूर्ण पडून असतो, पडदा म्हणजे त्याच्यावर धरलेली छोटी खिडकी. यंत्राला सतत लक्षात ठेवावं लागतं की अक्षर कुठं उमटणार, खिडकी मजकुरात कुठून सुरू होते, आणि पडद्यावर आत्ता जे रंगवलंय ते ताजं आहे की शिळं.

मी म्हणालो, 'म्हणजे फाइल आणि फाइलीचं आवक-जावक रजिस्टर. फाइल कुठंही असो, रजिस्टर बरोबर पाहिजे.'

'हां, सेम!' ती म्हणाली. सेम वगैरे नाही, पण जवळपास.

२४ जून

रजिस्टर बरोबर नाही. एक परिच्छेद खोडला, पडद्यावरून गेला नाही. पुन्हा खोडला. मग दोन गेले: एक नको असलेला, एक क्वार्टरांतल्या कांताबाईंच्या शिवणवर्गाचा. शिळा पडदा! समतानं एक कळ दाबून दोन्ही परत आणले. ही सोय मला पटली. सरकारी टिपणाच्या हिरव्या कागदावर काहीही फाडता येत नाही, आडवी रेघ मारून सही करायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिलाही तसंच सांगितलं: मी केलेलं काहीही कायमचं पुसायचं नाही.

१ जुलै

समता बाल्कनीत फोनवर इंग्रजीत बोलत होती. 'नोटिस पीरियड' कधीच संपला, असं काहीतरी. तिच्या ऑफिसात कुणाला तरी नोटीस दिलेली दिसते. हलगर्जी लोक कुठं नसतात.

रमाबाई सांगत होती, समतानं आपल्या जुन्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध काळे गोल कागद चिकटवलेत आणि तो घालून संगणकापुढे बसते. चांगला चष्मा वाया घालवला. अडतीस वर्षांची झाली तरी खोड्या जात नाहीत.

९ जुलै, बुधवार

आजचं लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

सकाळी अकराला समता माझ्या संगणकापुढे खिडकीचं काहीतरी दुरुस्त करत होती. मी म्हणालो, हे तुझ्या ऑफिसचे तास आहेत, कंपनीचा वेळ बापाच्या कामात घालणं नियमात बसत नाही, मी कधी सरकारी पेन्सिल घरी आणली नाही. बरंच बोललो. ती उठून खोलीत गेली.

रमाबाईनं गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसली. 'अहो, तिला ऑफिसच उरलेलं नाही. एप्रिलमध्ये दोनशे लोकांना काढलं, त्यात ही.'

'मला का नाही सांगितलं?'

'तुम्ही सुजयला सांगत फिरत होतात ना. तिला वाटलं, राहू दे, बाबा खूश आहेत.'

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही. सुजयलाही ठाऊक असणार, म्हणून तो 'अच्छा, अच्छा' करत होता. सगळ्या मजल्यांवर ठाऊक होतं, तेवढा मीच राहिलो होतो. डोळ्याच्या डागावर हे ढकलता येणार नाही.

१० जुलै

माफी मागायची मला सवय नाही. नोकरीत एकदाच मागितली, तीही लेखी. म्हणून आज समताच्या टेबलावर कागद ठेवला: 'काल अधोस्वाक्षरीकर्त्यानं काढलेले उद्गार मागे घेण्यात येत आहेत. उद्यापासून सकाळी दहा ते एक अधोस्वाक्षरीकर्ता सॉफ्टवेअरचे दोष शोधण्याच्या कामी हजर राहील.' खाली सही.

ती कागद घेऊन आली. डोळे ओले होते, मला कडेनं दिसले. म्हणाली, 'बाबा, यार, "अधोस्वाक्षरीकर्ता" म्हणजे काय?'

मी समजावलं. मग म्हणालो, 'बेटा, नोकरी गेली म्हणून आपण इथं हे करत नाही. हे काम आहे म्हणून करतोय.' ती मान हलवून कामाला लागली.

२४ जुलै

आजवर त्रेचाळीस दोष दिले, चाळीस दुरुस्त झाले. पडदा आता शिळा राहत नाही. पानं मात्र अजून एकशे साठच झालीत, अर्धं पुस्तक बाकी.

आज मी पताका मागितल्या. जाड फायलीत जो कागद पुन्हा पुन्हा लागतो त्याच्या कडेला चिठ्ठी टोचायची: पताका क, पताका ख. साहेबांनी फाइल उघडली की थेट तिथं. मला चार हव्यात: नावांची यादी, चालू प्रकरण, शंका आणि शेवट. कळ दाबली की तिथं, पुन्हा दाबली की परत. समता म्हणाली, दोन दिवसांचं काम आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

दोन दिवसांचे नऊ झाले आणि पताका घसरतात. सुरुवातीच्या यादीत मी एक नाव घातलं की पुढच्या सगळ्या पताका भलत्याच ठिकाणी. आज ख दाबलं तर शिवणवर्गाऐवजी मधल्याच एका वाक्याच्या पोटात नेऊन उभं केलं. मी टाइप करत सुटलो. अर्धं पान गेलं पुन्हा दुसऱ्याच्या आयुष्यात. एकोणतीस दिवस उरलेत.

मी ओरडलो. तीही ओरडली. 'मी बँकेची सॉफ्टवेअरं लिहिलीत बाबा, असलं नाही! मला नाही जमत हे! तुम्ही सांगा, आई टाइप करेल, संपवा!'

रमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'मी टाइप करणार नाही. ह्यांच्या शेजारी बसून टाइप करण्यापेक्षा मी नागपूरला चालत जाईन.'

कुणी हसलं नाही. समता गुडगावच्या कुठल्या कंपनीच्या मुलाखतीची तयारी करायला बसली. मी खोलीत बसून राहिलो. वाटलं, झालं. एकशे बारा माणसांना मी चाळीस वर्षं डोक्यात सांभाळलं, आणि कागदावर यायच्या वेळी माझंच डोळ्याशी जमेना. मला भीती वाटली, हे इथं लिहून ठेवतो. बाहेर सांगणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज मोठा दिवस!

सकाळी समताला विचारलं, की तुझ्या यंत्रात पताका 'ख' म्हणून नेमकं काय लिहून ठेवतेस? म्हणाली, आकडा. मजकुराच्या सुरुवातीपासून कितवं अक्षर, तो आकडा. समजा एक्केचाळीस हजार दोनशेवं.

मी कपाटातून माझ्या पेन्शनची जुनी फाइल काढली. दोरी, पानांचे नंबर, कडेला टाचणीनं टोचलेल्या चिठ्ठ्या, सगळं जागच्या जागी. बाराव्या पानाला पताका होती. मी दोरी सोडली, तिसऱ्या पानानंतर चार कोरे कागद घातले, पुन्हा बांधली आणि तिच्या हातात दिली.

'आता पताका कितव्या पानाला आहे?'

तिनं मोजलं. 'सोळाव्या.'

'पण कागद कोणता?'

'तोच.'

'मग? चिठ्ठी कागदाला टोचतात बेटा. पानाच्या नंबराला नाही. नंबराला टोचली असती तर आमच्या सेक्शनमध्ये रोज खून पडले असते.'

ती फाइलीकडे बघत राहिली. मग एकदम उठली. 'म्हणजे अक्षर घातलं किंवा खोडलं की पताकेनं स्वतःच सरकायचं, मजकुराबरोबर! आणि बाबा... खिडकी! खिडकी कुठून सुरू होते तो पण मी आकडाच ठेवलाय! म्हणून तर वर काही घातलं की पडदा उडी मारतो! ती पण पताकाच पाहिजे!'

चहा तसाच टाकून गेली. मी तो प्यायलो.

६ ऑगस्ट

घसरत नाहीत! यादीत सलग बारा नावं घातली. खालचा पडदा तसूभर हलला नाही, पाच ओळी होत्या तिथंच उभ्या. ख दाबलं की कांताबाई, ग दाबलं की शंका. सबंध मजकुरात 'दामू'चं 'दामोदर' केलं, दोनशे ठिकाणी, आणि माझी ओळ माझ्यासमोरून गेली नाही. मी रमाबाईला बोलावून पुन्हा करून दाखवलं. ती म्हणाली, 'दामूला दामोदर म्हटलेलं आवडणार नाही,' म्हणून परत दामू केलं. तेव्हाही हलला नाही!

समता दारात उभी राहून बघत होती. मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. एकटाच वाजवत होतो, मग रमाबाईनंही वाजवल्या.

१९ ऑगस्ट

लिहायला वेळ नाही. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं. दिवसाला दहा होतात. मी आता खोडतो, हलवतो, पुन्हा आणतो, बिनधास्त. पूर्वी वाक्य हलवायलाही घाबरायचो, गेलं तर सापडणार कसं म्हणून.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी ठरवलं की शिवणवर्गाचं प्रकरण पहिलं यायला हवं. कांताबाईंच्या त्या खोलीतूनच सगळ्यांचं सुरू झालं. मी अधिकारी माणसं आधी घातली होती, ते चूक होतं. एकतीस पानं उचलली. मजकुरातून ती गेली, म्हणजे 'हातात धरली' असं समता म्हणते. जिथं ठेवायची तिथं गेलो, आधी जोडायला एक वाक्य लिहायला घेतलं: 'त्या खोलीत मशीन एकच होतं आणि बायका' — आणि लाइट गेली.

सोसायटीचा जनरेटर अर्ध्या मिनिटानं लागतो. तेवढ्यात संगणक मेला होता. एकतीस पानं माझ्या हातात होती, आणि हात कुठं आहेत ते कुणास ठाऊक.

समता धावत आली. मी सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला. 'बाबा, प्रत्येक कळीची नोंद मी ठेवते. खिडकी, कर्सर, पताका, हातातलं पण. लिहिलंय ते सगळं. पण... असं खरंच बंद पाडून कधी बघितलेलं नाही.'

'मग बघू,' मी म्हणालो. रमाबाई येऊन मागे उभी राहिली.

संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो हे मला आजवर माहीत नव्हतं. काळा पडदा आला. मग पिवळ्या पाच ओळी. त्याच पाच. चौथ्या ओळीत 'आणि बायका', आणि त्यापुढे कर्सर लुकलुकत होता, जसा काही मी फक्त पाणी प्यायला उठलो होतो. मी ठेवायची कळ दाबली. एकतीस पानं उतरली. क, ख, ग, घ दाबून बघितलं, चारही जागेवर. खोडलेलं परत आणायची कळ दाबली, तर सकाळचं खोडलेलंही परत आलं!

समता खाली फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, हसत हसत. रमाबाई तिच्याजवळ बसली. मी वाक्य पुरं केलं: '...आणि बायका अकरा.' मग मीही रडलो. खूप आनंद झाला होता, आणि तो काय लपवायचा.

३१ ऑगस्ट, रविवार

सकाळी नऊ पन्नासला मजकूर नागपूरला पाठवला. तीनशे बेचाळीस पानं. एकशे बारा नावं, प्रत्येक आपापल्या लग्नात आणि आपापल्या अंत्ययात्रेत. रमाबाईनं शेवटपर्यंत वाचून काढलंय, ती साक्षीदार.

६ सप्टेंबर, शनिवार

समताबरोबर करोल बागेला गेलो. दृष्टी कमी झालेल्यांसाठी तिथं एक छोटं केंद्र आहे, तिनं शोधलं. बारा जण बसले होते: निवृत्त मास्तर, एक वकीलबाई, बाकी कॉलेजची मुलंमुली. मी पुस्तकाचं प्रकरण उघडलं, पताका दाखवल्या, यादीत नाव घातलं. मग वायरच खेचली आणि पुन्हा सुरू केलं. समता 'बाबा!' म्हणून ओरडली, पण मला यंत्रावर भरवसा होता.

वकीलबाई म्हणाल्या, 'एक बार और कीजिए.' मी पुन्हा खेचली. मग त्या स्वतः येऊन बसल्या, चार ओळी लिहिल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मागे रांग लागली.

केंद्राच्या बाईंनी समताला बाजूला नेलं. बारा संगणकांवर बसवून द्या, मग आमच्या दुसऱ्या केंद्रांत, आणि हे तुमचं कामच म्हणून कराल का, वगैरे. परतताना मेट्रोत समता म्हणाली, गुडगावच्या मुलाखतीला तिनं आत्ताच नको म्हणून कळवलं. मी कारण विचारलं नाही. आमचं मयूर विहार येईपर्यंत ती मुलाखत न देण्यातले फायदे मलाच मोजून सांगत होती.

११ सप्टेंबर

दिनकर वाश्यांचा फोन. पुस्तक छापायला चाललंय, पहिल्या पानामागची माहिती भरतायत. मुखपृष्ठ कुणाचं, मुद्रण कुठं, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, 'अक्षरजुळणी कोणाची टाकू? टायपिंग कोणाकडून करून घेतलंत? फार स्वच्छ आहे, आमच्या माणसाला हातच लावावा लागला नाही.'

'माझी,' मी म्हणालो. 'अक्षरजुळणी, बाबुराव खोब्रागडे. पूर्ण नाव टाका.'

दिनकरराव मला सात वर्षांपासून ओळखतात, डोळ्याचं त्यांना ठाऊक आहे. जपून विचारलं, 'म्हणजे... सर, तुम्हाला दिसतं?'

'जिथं लिहितो तेवढं दिसतं,' मी सांगितलं. 'बाकीचं माझ्या मुलीनं लक्षात ठेवलंय. तिचंही नाव टाका, समता बाबुराव खोब्रागडे, आणि माझ्या वर टाका.'